बारक्या नराच्या लेकी

मुरबाडच्या मेंढीवाल्यानं दोन नर कोकरं पुढं केली. "दादा, बारकं न्या. जुळी देणारा जीन त्याच्यात हाय." उरलेला माल गळ्यात मारतोय, असं समजून मी थोराड उचललं.

बारकं शेजाऱ्यानं नेलं. आता त्या बारक्याच्या लेकींना जुळी होतात; माझ्या थोराडाच्या लेकींना एकेकच. अशक्त पिलू सदऱ्यात घालून शेजारी गावभर हिंडतो. "आमी काय केलं? जीननं केलं," म्हणतो. बढाई मारली असती, तर निदान नावं ठेवता आली असती.

परवा माझ्या मेंढीचं पिलू मेलं. त्यानं सदऱ्यातलं काढून तिला लावलं. "तुमच्याकडं दूध हाय, माझ्याकडं तोंडं जास्ती. तुमीच ठेवा."

म्हणजे दिलदारीतही तोच पुढं!

तो गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, ते पितंय तोवर तरी जळू नका. दूध नासेल."