पितळी इंजिन आणि हळदीचा कुकर

आठवीच्या वर्गाला वाफेचं इंजिन मी बरीच वर्षं शिकवलं. एका दुपारी फळ्यावर त्याची आकृती काढता काढता माझा हात थांबला. वाफ सिलिंडरात शिरते आणि दट्ट्याला ढकलते, इथपर्यंत ठीक. पण दट्ट्या परत कसा येतो आणि आत शिरलेली वाफ जाते कुठं, हे मला सांगता येईना. आजवर मी पुस्तकातली वाक्यं नुसती म्हणून दाखवत होते, हे मला त्या क्षणी कळलं. तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी मी खडू धरून उभीच होते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वसमतला आमच्या घरामागं पत्र्याचं शेड होतं. माझे सासरे साखर कारखान्याच्या वर्कशॉपात टर्नर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना लेथ, धातू कातायचं यंत्र, आणून त्या शेडात बसवला आणि शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं, पाण्याचे पंप दुरुस्त करायला लागले. त्यांना मी मामा म्हणायची. त्या संध्याकाळी मी शेडाच्या दाराशी जाऊन म्हटलं, मला वाफेचं एक लहान इंजिन करायचंय. त्यांनी लेथ बंद केला.

"काहून?"

"मी ते शिकवते, मामा. पण मला ते येत न्हाई."

ते म्हणाले, वाफेचं काम त्यांनी कधी केलं नाही, कारखान्यात बॉयलरचं खातं वेगळं होतं. पण पितळ कापायला ते शिकवतील. साडीचा पदर खोचून घे आणि हातातल्या बांगड्या काढून ठेव, एवढीच अट.

शेजारणींना याचा धक्का बसला. सून सासऱ्याशेजारी उभी राहून लेथ चालवते, हे बघायला कुणी पीठ मागायच्या निमित्तानं यायचं, कुणी उगीच. सासूबाई त्यांना चहा पाजायच्या आणि शाळेचं काम आहे म्हणून सांगायच्या.

इंजिन अगदी साध्या जातीचं ठरवलं. त्यात सिलिंडर एका खिळीवर डोलतो. एका बाजूला कलला की वाफेचं भोक उघडतं, दुसऱ्या बाजूला कलला की वाफ बाहेर जायचं दुसरं भोक. दट्ट्याला परत आणतं ते जड चाक, आपल्याच वेगानं. माझा वर्गातला प्रश्न कागदावर असा सुटला तेव्हा मी इतकी खूश झाले की भाजी करपली.

माळ्यावर तांब्याचा मोडका बंब होता, त्याच्या मधल्या नळीचा बॉयलर केला. टोकांना तांब्याच्या चकत्या बसवल्या. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एकाकडून त्या चांदीच्या झाळानं पक्क्या करून घेतल्या, कारण साध्या झाळानं उष्णतेत टिकाव धरला नसता. वाफ जास्त झाली तर तिला वाट हवी, म्हणून वर एक सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. भोकावर सायकलचा छर्रा आणि त्याला दाबून धरणारी बॉलपेनची स्प्रिंग. या व्हॉल्व्हवर मामा अडून बसले. सगळं झाल्यावर करू, असं मी म्हणत होते. त्यांनी तो आधी करायला लावला. मग बॉयलरात थंड पाणी भरून, हातपंपानं दाब देऊन, छर्रा उचलला जातो का ते आम्ही पुन्हा पुन्हा बघितलं.

पहिल्यांदा पेटवलं तेव्हा इंजिन हललंसुद्धा नाही. थंड असताना लोण्यासारखा सरकणारा दट्ट्या गरम वाफ लागताच फुगून सिलिंडरात अडकून बसला. एवढ्या मेहनतीनं तो मी काटेकोर बसवला होता आणि तो काटेकोरपणाच आडवा आला. मी तिथंच खाली बसले. मामांनी काही समजूत घातली नाही, दट्ट्या काढून माझ्या हातात दिला आणि जेवायला गेले. मी तो पुन्हा लेथवर चढवला, जरासा कातून बारीक केला, त्याला एक खाच पाडली आणि खाचेत तेलात भिजवलेला सुती दोरा गुंडाळला.

पुढच्या रविवारी सकाळी चाकाला बोटानं झटका दिला आणि ते फिरलं. फिरलं म्हणजे सुटलंच. मला वाटलं होतं, हळूहळू, धापा टाकत चालेल. ते असं भरधाव निघालं की मी मागं सरकले आणि माझी पाठ लेथला आपटली. सासूबाई हात पुसत आल्या, नवरा ड्युटीवर निघाला होता तो गणवेशात दारात थांबला. मामांचे ओठ हलत होते, बहुतेक चाकाचे फेरे मोजत होते.

मामांना ते धाकट्या लेकाला, म्हणजे माझ्या दिराला, दाखवायचं होतं. दीर गावी शेती करायचा. हळद काढणीचे दिवस होते. आमच्या भागात तेव्हा हळद शिजवायला काहिलीऐवजी, म्हणजे मोठ्या उघड्या कढईऐवजी, वाफेचे कुकर आले होते: भट्टीवर पाण्याची मोठी बंद टाकी, तिच्यातून निघालेले नळ आणि नळांना जोडलेली हळदीची दोन पिंपं. टाकीतली वाफ पिंपात सोडायची की हळद शिजते. दिरानं त्याच हंगामात असा एक कुकर कुठल्याशा वेल्डिंगवाल्याकडून जुना विकत घेतला होता. सुट्टीच्या दिवशी इंजिन पिशवीत घालून मामा आणि मी एसटीनं गेलो.

दुपारची वेळ. भट्टीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या धडधडून जळत होत्या. जवळच्या तांड्यावरच्या बाया भट्टीच्या सावलीच्या अंगाला टाकीकडं पाठ करून बसल्या होत्या, हळदीचे गड्डे वेगळे करत होत्या. एकीचं लेकरू शेजारच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपलेलं. दोन गडी शिजलेली दोन्ही पिंपं रिकामी करत होते, म्हणून दोन्ही नळांचे कॉक बंद होते. दीर म्हणाला, दाखवा तुमचं यंत्र. बांधाजवळ एक सपाट दगड होता, त्यावर मी इंजिन ठेवलं आणि स्पिरिटचा दिवा पेटवला. दोन-तीन बाया उठून बघायला आल्या.

चाक फिरायला लागलं. थोड्या वेळानं छर्रा थरथरला आणि वरून वाफेची बारीक फुर्र निघाली. एक बाई दचकली. मी शाळेत बोलते तशी बोलायला लागले, की भिऊ नका, वाफ जास्त झाली की ती इथून आपोआप बाहेर पडते. असंच त्या मोठ्या टाकीवरही असतं, तिकडं बघा. असं म्हणून मी टाकीकडं बोट केलं.

बोट हवेत तसंच राहिलं. टाकीच्या माथ्यावर व्हॉल्व्हची जागा होती. तिच्यात एक जाड बोल्ट पिळून बसवलेला होता.

मी दिराला विचारलं, तिथं काय होतं?

"वयनी, तिथून वाफ वाया जाऊन राहिली होती. हळद शिजायला टाइम लागायचा. बोल्ट मारून घेतला."

कॉक बंद होते. भट्टी पेटलेली होती. वाफेला कुठंही वाट नव्हती. हे तीन विचार एकापाठोपाठ आले. टाकीचं माझ्या बाजूचं सपाट तोंड बाहेर फुगलेलं मला दिसलं. ते आधीपासूनच तसं होतं की आत्ता झालं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"समद्या उठा," मी म्हटलं. कुणीच उठलं नाही. बाईसाहेबांना काय झालं, अशा नजरेनं त्या बघत राहिल्या. मामांनी मात्र माझं तोंड बघितलं, मग टाकी बघितली. त्यांनी एकेका बाईला दंडाला धरून उभं केलं. म्हातारा, मानाचा माणूस असा बायांना हात लावतोय, याचंच त्यांना नवल वाटलं असेल, पण त्या चालायला लागल्या. लेकराची आई झोळीकडं धावली. गडी पिंप सोडून पळाले. कॉक उघडायला दीर पुढं झाला, तेव्हा मी त्याला अडवलं. मला त्याला टाकीपासून लांब ठेवायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. तो म्हणाला, निदान जाळ तरी ओढतो, आणि लांब दांड्याच्या फावड्यानं पेटत्या पऱ्हाट्या बाहेर ओढायला लागला. मामांनी त्याला हाक मारली. त्यानं फावडं टाकलं, वळला, आणि बांधाच्या निम्म्या वाटेवर असेल तेव्हा टाकीचं तोंड फाटलं.

आवाज मी ऐकला असं म्हणवत नाही. छातीवर कुणीतरी ठोसा मारावा तसं झालं आणि मग काहीच ऐकू येईना. पांढऱ्या ढगातून विटा येताना दिसल्या. टाकी भट्टीवरून उडून पलीकडच्या वावरात जाऊन पडली. ढग विरला तेव्हा बाया बसल्या होत्या ती जागा दिसली. तिथं विटा, निखारे आणि उकळतं पाणी होतं. गड्डे इकडंतिकडं विखुरलेले. एका बाईची पाण्याची कळशी चेपून सपाट झाली होती.

दीर खाली बसून आपल्या पिंढऱ्यांकडं बघत होता, कातडी सोललेली. आई लेकराला छातीशी धरून उभी होती. लेकरू तोंड उघडून रडत असणार, पण मला त्याचा आवाज येत नव्हता. आणि दगडावर माझं इंजिन चालूच होतं. चाक गरगर फिरत होतं, आवाजाशिवाय. मला दिवा विझवायला जाता येईना. शेवटी मामांनी जाऊन त्यावर माती टाकली.

दिराला ट्रॅक्टरवर घालून वसमतला नेलं. त्याचे पाय बरे व्हायला पेरण्यांपर्यंतचा काळ गेला. माझ्या एका कानात अजून बारीक शिट्टी असते. पुष्कळ लोकांनी माझं कौतुक केलं, की बाईंनी माणसं वाचवली. मला ते ऐकवत नसे. मी तर नुसतं यंत्र दाखवायला गेले होते. आमची एसटी चुकली असती तर, हा विचार भाकरी थापताना यायचा आणि हात थांबायचा.

मामांनी त्या उन्हाळ्यात ओळखीच्या प्रत्येक शेतकऱ्याकडं जाऊन कुकर बघितले. मी सोबत असायची. बऱ्याच टाक्यांवर बोल्ट निघाले. काहींनी आमच्यादेखत काढले, काहींनी चहा देऊन वाटेला लावलं.

एकदा परत येताना मी मामांना विचारलं, तुम्ही मला काही न विचारता बाया कशा उठवल्या?

"तुझं तोंड पांढरंफट झालं होतं, माय," ते म्हणाले. "मला टाकीचं काही कळालं न्हाई."

पुढच्या हंगामात दिरानं कुकर आणला नाही, काहिलीवरच हळद शिजवली. त्याच बाया कामाला आल्या. लेकराची आई मात्र गड्ड्यांचं टोपलं उचलून भट्टीपासून लांब, पार वावराच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात जाऊन बसली. जवळ सावलीत ये, असं तिला कुणीच म्हटलं नाही.