थांबायचं यंत्र
सत्तरच्या दशकात मी सदर भागातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. क्षार ओळखायच्या प्रात्यक्षिकांना जो सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू लागतो, तो तयार करणं माझ्याकडे होतं. त्याचं यंत्र म्हणजे एकावर एक बसवलेले काचेचे तीन फुगे. तोटी उघडली की वरचं आम्ल खाली उतरून वायू सुटायचा, बंद केली की आम्ल आपोआप मागे सरून तो थांबायचा. आमची तोटी झिजलेली, त्यामुळे वायू दिवसभर झिरपत राहायचा.

संध्याकाळी घरी पोचल्यावर बोलायचंही त्राण नसायचं. हातमागावर आयुष्य काढलेली माझी आई दारातच नाकाला पदर लावायची.

"काहून वं, आजही तोच वास? कोनं काढलं हे यंत्र?"

"मला काय माहीत!" मी एके दिवशी वैतागून म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी लायब्ररीत बसून शोधलंच. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हॉलंडमधला एक औषधवाला, दुकानात उपकरणंही विकणारा. आधी वायू एकदा सुरू झाला की आतली रसायनं संपेपर्यंत सुटतच राहायचा. हवा तेव्हा थांबवायची सोय यानं केली.

आईला सांगितलं तर म्हणाली, "बायको बोलली असंल त्याले. वास घेऊन घरात नोको येऊ म्हनून."

खूप दिवसांनी मी हसले. मग विभागप्रमुखांकडे जाऊन नवी तोटी मागितली.

"मॅडम, यंत्र चालतंय ना?"

"चालतं सर. थांबत नाही."

त्यांनी यंत्र मागच्या व्हरांड्यात हलवायला सांगितलं. वर तापलेलं टिनाचं छप्पर. परीक्षांच्या दिवसांत त्याखाली उभं राहून मी मुलांच्या परीक्षानळ्यांत वायू सोडत होते. डोकं ठणकायचं, जेवण जायचं नाही.

एका संध्याकाळी मी शेगडीजवळ डोळे मिटून बसले होते. आई शेजारून धावत आली.

"दूध जळून राहिलं वं! तुले वास नाही येत?"

नव्हता येत. पातेलं काळं पडलं होतं, खोलीभर धूर होता आणि मला काहीच कळलं नव्हतं. त्या वायूनं माझं नाकच बधिर केलं होतं. मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, "मी आता वायू करणार नाही."

"मग कोण करणार?"

मी जळलेल्या दुधाचं सांगितलं, आणि मला वास आलाच नाही हेही. मी समोरच्या खुर्चीवर नुसती बसून राहिले. शेवटी त्यांनी पाळ्या लावल्या, आणि पहिली स्वतः घेतली.

त्या दुपारी ते स्टाफरूममध्ये चहाला आले तेव्हा शर्ट घामानं चिकटलेला होता. बाकीचे नाकाला रुमाल लावून जरा सरकून बसले. मी त्यांच्या शेजारीच बसून राहिले. चहा संपवून आम्ही पुढच्या बॅचसाठी उठलो.