आत्याच्या गिळण्याचं माप

गल्लीत बातमी अशी होती की आत्याने हॉस्पिटलातल्या डॉक्टरचं बोट चावलं. इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी बोट एक होतं, किराणा दुकानापर्यंत पोचेस्तोवर त्याची दोन झाली, आणि संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून हळहळत विचारलं, "आणि टाके म्हणे तुमच्या आत्यानेच घातले?"

खोटं. साफ खोटं. आत्याने चावली ती लाकडी पट्टी. झटका येऊन चार दिवस झाले होते. डावा हात, डावा पाय आणि चेहऱ्याची डावी बाजू संपावर गेली होती. डॉक्टर पट्टीने तिची जीभ दाबून घशात डोकावत होते आणि डोकावता डोकावता तिच्या डोक्यावरून बाबांना विचारत होते, "पेशंटला बोललेलं कळतं का?" बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ते बिचारे "हो, म्हणजे तसं..." एवढंच म्हणाले, तोच कडाक्! आत्याने तोंडातून दोन तुकडे उजव्या हाताने काढले, डॉक्टरांच्या तळहातावर नीट शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाली, "कळतं."

शब्द ओल्या फडक्यातून पिळून काढल्यासारखा आला. पण आला.

आत्या शिंपीण. जिन्याखालच्या खोलीत एक मशीन, एक उंच टेबल, भिंतीला एक उभा आरसा, आणि एकतीस वर्षं शाळेचे गणवेश. बोलायची ती ओठात टाचण्या धरून. सहा टाचण्या तोंडात असताना ती गिऱ्हाइकाला झापू शकायची आणि एकही टाचणी हलायची नाही. घरून कागदावर लिहून आणलेलं माप तिने जन्मात घेतलं नाही. "कागदाला पोट नसतं," म्हणायची. "माणूस आण." एकदा एका फौजदाराने माप देताना श्वास रोखून पोट आत ओढलं. आत्याने टेप गळ्यात टाकला, हाताची घडी घातली आणि स्टुलावर बसली. म्हणाली, "सोडा साहेब. तुम्ही किती वेळ धरता ते बघू. कोटाला खोटं बोलता येत नाही." फौजदाराने सोडलं. बटण लांब उडालं असं गल्ली सांगते. ते मात्र खरं असावं.

तर अशा बाईला आता पाणी पिता येत नव्हतं.

ते असं. आपण घोट घेतला की जीभ तो मागे ढकलते, श्वासाच्या नळीवर झाकण पडतं आणि पाणी अन्नाच्या वाटेला लागतं. आत्याची जीभ लुळी पडली होती आणि झाकण आळशी झालं होतं. पाणी थोडं थोडं श्वासाच्या वाटेने फुफ्फुसात उतरायचं. आणि वाईट हे की तिला ठसकाही लागायचा नाही. चोर आत शिरला तरी कुत्रं भुंकत नव्हतं. म्हणून नाकातून नळी, नळीतून पातळ केलेलं जेवण, आणि तोंडाला फक्त पावडर घालून घट्ट केलेलं पाणी, तेही चमच्याने, घसावाल्या बाई समोर असतील तेव्हाच. घसावाल्या बाई म्हणजे गिळायला आणि बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट. दर चमच्यानंतर त्या म्हणायच्या, "आता आऽऽ म्हणा." आवाज गुळगुळला, ओला आला, तर समजायचं की घास चुकला.

घट्ट पाणी पहिल्यांदा तोंडात गेलं तेव्हा आत्या म्हणाली, "ही खळ आहे. पोस्टर चिकटवा."

तिला पाणी हवं होतं. साधं, पातळ, पेल्यातलं. बाकी हातापायाचं नंतर बघू, असं तिने बोटाने दाखवून सांगितलं होतं.

त्याच हॉस्पिटलात तेव्हा एक संशोधन चाललं होतं. झटक्यानंतर ज्यांचं गिळणं बिघडलं आहे अशा बारा जणांना आठ आठवडे जिभेचा व्यायाम द्यायचा आणि ताकद वाढते का ते मोजायचं. द्राक्षाएवढा रबरी फुगा जिभेने टाळूवर दाबायचा. फुग्याची बारीक नळी एका मीटरला जोडलेली, त्यावर आकडा येतो. ज्याचा त्याचा फुगा वेगळा, नावाच्या डबीत. रोज साठ वेळा दाबायचा, आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर माप घेणार. चौथ्या आठवड्यात आकडा वाढलेला नसेल तर माणूस अभ्यासातून बाहेर. बाहेर म्हणजे नाकातली नळी जाऊन थेट पोटात नळी, आणि पाण्याचं नाव पुढच्या वर्षी.

आत्याने रोज साठ दाबले. बाबा म्हणाले, "ताई, दमशील, पन्नास कर." तेव्हा तिने सत्तर केले.

तिचं बोलणं घरच्यांनाच काय ते समजायचं. म्हणून माझी नेमणूक झाली. ती जे पुटपुटेल ते मी तिच्याच जुन्या आवाजात, टाचण्यांसकट, मोठ्याने म्हणायचं. वॉर्डातल्या सिस्टर पहिल्या दिवशी दचकल्या. आत्याने पडल्या पडल्या खूण केली: अजून थोडं खरखरीत.

चौथ्या आठवड्यात घाईचे डॉक्टर आले. हे संशोधनातले ज्युनियर. पायात चाकं असल्यासारखे चालायचे आणि सगळी वाक्यं दोनदा म्हणायचे. "बघू बघू. आजी, दाबा दाबा." मीटर सलाइनच्या उंच स्टँडला लटकवलेला. आत्याने मान वर करून आकड्याकडे बघत दाबलं. सतरा. पुन्हा दाबलं. अठरा.

"वाढ नाही, वाढ नाही," डॉक्टर कागदावर लिहीत म्हणाले. "आजी, वाईट वाटून घेऊ नका."

आत्याचं वय चोपन्न. ती काहीतरी पुटपुटली.

"ती म्हणते, आजी कुणाला म्हणतोस, तुझ्या शर्टाची कॉलर उलटी शिवली आहे," मी आत्याच्या आवाजात म्हणाले. कॉलर खरंच उलटी होती. "आणि तो कागद दाखव म्हणते."

कागद दाखवायचा नियम नव्हता, पण कॉलर चाचपण्याच्या नादात त्यांच्या हातातून तो सुटला. आत्याने उजव्या हाताने तो मांडीवर सपाट केला, कापड करते तसा. पहिल्या आठवड्यात एकोणीस. दुसऱ्यात चोवीस. तिसऱ्यात सतरा. आता अठरा. शेजारच्या रकान्यात माप घेणाऱ्याची सही. पहिली, तिसरी आणि चौथी सही घाईच्या डॉक्टरांची. चोविसाच्या पुढे सही घसावाल्या बाईंची. त्या आठवड्यात डॉक्टर रजेवर होते.

आत्या कागदाकडे बघत बसली. एकतीस वर्षांत तिच्याकडे अशी किती पोरं आली असतील, आईने माप घेतलं तर बाही अठरा, आजीने घेतलं तर सोळा. पोराचा हात तोच. तिने बोट त्या सह्यांवर आपटलं आणि सावकाश, एकेक अक्षर ढकलत बोलली. या वेळी माझी गरज पडली नाही.

"हे माझं माप नाही. खुर्चीचं आहे."

मग जे झालं त्याला वॉर्डातले लोक भांडण म्हणतात. आत्या त्याला ट्रायल म्हणते, कच्च्या शिवलेल्या कोटाची घेतात तशी. तिने मोठ्या सरांना बोलवा असा हट्ट धरला. मोठे सर म्हणजे संशोधनाचे प्रमुख, हळू बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारे. ते येईपर्यंत तिने जेवणाची नळी जोडू दिली नाही. सिस्टर म्हणाल्या, "बाई, उपाशी राहाल." आत्याने नळीच्या टोकाचं बूच घट्ट लावलं आणि मुठीत धरून बसली. बाबा हात जोडत होते. "ताई, अगं ते शिकलेले लोक आहेत."

"मीपण," आत्या म्हणाली.

सर आले. "तुम्ही अभ्यासात आहात, याचा आम्हाला आनंदच आहे," ते म्हणाले. "पण अभ्यास करणारे आम्ही. मोजणी आमच्यावर सोडा."

आत्या पुटपुटली, मी म्हणाले, "टेप तुमचा असेल. कापड माझं आहे."

सरांनी चष्मा खाली घेतला.

मग तिने करून दाखवलं. घाईचे डॉक्टर पेशंट जसा असेल तसंच माप घ्यायचे: कुणी लोडाला टेकून, कुणी चाकाच्या खुर्चीत घसरलेलं, आणि सगळ्यांच्या माना वर, कारण मीटर वर. मान मागे गेली की जीभही मागे घसरते आणि फुगा कधी पुढे, कधी आत. घसावाल्या बाई पाठीला दोन उशा लावायच्या, पावलं जमिनीवर टेकवायच्या आणि मीटर मांडीवर द्यायच्या. हे त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं. त्यांना वाटायचं सगळे असंच करत असणार. अभ्यासाच्या जाड वहीत फुगा कुठल्या कंपनीचा ते होतं, खोलीचं तापमान होतं, माणसाला बसवायचं कसं ते नव्हतं.

"आधी मान वर," आत्याने फर्मावलं. दाबलं. सतरा. "आता सरळ." उशा लागल्या, पावलं टेकली, मीटर मांडीवर आला. आत्याने डोळे मिटले. कपाळावरची शीर फुगली, उजवा गाल थरथरला. सव्वीस.

घाईचे डॉक्टर एकदाच म्हणाले, "अरे." एकदाच!

आत्या तिथेच थांबली असती तर शहाणी ठरली असती. तिचं नाव अभ्यासात राहिलं होतं, पोटातली नळी टळली होती. पण तिने दुसऱ्या दिवशी माझ्याकडून लाल रीळ मागवलं. धागा उकळून घेतला आणि आपल्या फुग्याच्या नळीवर ओठ येतात तिथे उजव्या हाताने आणि दातांनी गाठ मारली, म्हणजे फुगा रोज तेवढाच आत जाईल. मग कापडावर रेघ मारायच्या खडूने मला खुर्चीपुढे फरशीवर दोन पावलं काढायला लावली. आणि सरांना निरोप: बाराही जणांचं माप पुन्हा घ्या. सगळ्यांचं. गाठ मारून.

घेतलं. तिघांचे आकडे चढले. एकाचा उतरला. तो एक म्हणजे बँडमास्तर, वॉर्डातला एकमेव माणूस जो आत्याला हसवायचा. एकतिसाचे तेवीस झाले आणि त्यांनी तिच्याकडे पाठ केली.

"तुझ्या नादात माझं गेलं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "कुणी सांगितला होता उपद्व्याप?"

आत्याचा चेहरा पडला. उजवी बाजूही. पण माघार तिच्या रक्तात नाही. "खोट्या मापाचा कोट अंगावर चढत नाही, मास्तर," ती म्हणाली. "तेवीस तर तेवीस. उद्यापासून माझ्याबरोबर दाबा." दोन दिवस मास्तरांनी तोंड भिंतीकडेच ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पलंगावरून आवाज आला, "किती झाले गं तुझे?" "चाळीस." "माझे बेचाळीस." "खोटं," आत्या म्हणाली आणि दोघं पुढे दाबू लागले.

आठवा आठवडा उजाडला. आकडा चौतीस. पण आकडा म्हणजे पाणी नव्हे. पाण्याची परवानगी मिळणार होती ती एक्स-रेच्या चालत्या फिल्मवरून: पांढरं औषध मिसळलेले घोट घ्यायचे आणि पडद्यावर दिसतं की घोट कुठल्या वाटेने गेला. सकाळपासून सगळे तिला धीर देत होते. बाबा म्हणत, "छानच होणार." काकू फोनवर म्हणत, "छानच होणार." सिस्टर म्हणत, "बघा, छानच होणार." मी तिघांची नक्कल करून दाखवली, तरी ती हसली नाही.

"तू माझ्याविरुद्ध पैज लाव," ती म्हणाली.

"काय?"

"सगळे माझ्या बाजूने बोलतात. वीट आला. कुणीतरी समोर उभं राहायला हवं ना. तुझा कान तिखट आहे. खरं सांग, काल माझा आऽऽ कसा होता?"

ओला होता. थोडासा, पण होता. मी खोटं बोलू शकले असते, पण तिच्यासमोर फौजदाराचं जमलं नाही, तिथे माझी काय कथा. मी म्हणाले, "पातळ पाणी नाही जमणार तुला. पैज." गल्लीतल्या शाळेचे अठ्ठावीस शर्ट तिच्या टेबलावर बटणांवाचून पडले होते. मी हरले तर सगळी बटणं मी लावायची. ती हरली तर वर्षभर तिची नक्कल मी कुठेही करावी, अगदी तिच्या दुकानातसुद्धा, गिऱ्हाइकासमोर.

"हरणं परवडणार नाही मला," ती म्हणाली आणि खुर्ची फिल्मच्या खोलीत गेली.

काचेबाहेरून मी बघत होते. पडद्यावर तिची मान, मणके, जबडा, सगळं करडं. पहिला पातळ घोट सरळ मानेने. पांढरी रेघ दोन वाटा फुटल्यासारखी झाली, एक बारीक धागा पुढच्या, श्वासाच्या नळीत उतरला. ठसका नाही. दुसराही तसाच. बाबांनी डोळ्यांवर हात घेतला. आत घसावाल्या बाई वाकून काहीतरी म्हणाल्या: मान डावीकडे वळवा, लुळ्या बाजूला, म्हणजे ती वाट बंद होईल आणि घोट धडधाकट बाजूने जाईल. हे त्यांनी आधीही शिकवलं होतं, पण जिभेत जोर नव्हता तेव्हा त्याचा उपयोग झाला नव्हता. आत्याने मान वळवली. काचेकडे, म्हणजे नेमकी माझ्याकडे. माझ्यावर डोळे रोखून तिने तिसरा घोट घेतला.

रेघ सरळ खाली गेली. चौथी सरळ. पाचवी सरळ. घसावाल्या बाई म्हणाल्या, "आऽऽ म्हणा," आणि आत्याने असा कोरडा, खणखणीत आऽऽ काढला की काच वाजली.

सरांनी परवानगी लिहून दिली: साधं पाणी, ताठ बसून, लहान घोट, मान डावीकडे, शेजारी कुणीतरी हवंच.

शेजारी मी होते. जिन्याखालच्या खोलीत अठ्ठावीस शर्ट, एकशे शहाण्णव बटणं. आत्या पेला घेऊन समोर ताठ बसली. एक घोट, मान डावीकडे. दुसरा घोट, मान डावीकडे. दर तिसऱ्या बटणाला पेला खाली ठेवायची, शर्ट उजेडाला धरायची आणि म्हणायची, "उसव."