डॉक्टरची चिठ्ठी

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाला आठ दिवस उरले होते, तेव्हा शेजारच्याला ताप आला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला उन्हाळा. तो कागलच्या एमआयडीसीत टर्नर होता, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. कंपाउंडपलीकडून त्यानं विचारलं, "दादा, टेस्ट करून येऊ काय?"

रुग्ण सापडला की बांबू-पत्रे लावून गल्ली बंद करत. पंचवीस माणसांच्या लग्नाची परवानगी मी खटपटी करून मिळवलेली. म्हणालो, "साधा ताप दिसतोय. गोळ्या घे चार दिवस." गल्लीत कळू नये म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांचा पत्ताही मीच दिला.

"व्हय की," तो हसला. "घरात सांगतो, मेडिकलातनं गोळ्या आणल्या म्हणून. न्हायतर बायकू टेस्टच्या मागं लागंल. पोरीचं लगीन हुंदे."

त्या संध्याकाळी त्यानं डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मला पाठवला. 'कोरोनाची लक्षणे, त्वरित तपासणी करावी.' खाली त्यानं विचारलं होतं, काय करू? मी लिहिलं, लग्न होऊ दे.

लग्न आमच्या दारातच लागलं. तो त्याच्या घरातून, खिडकीच्या जाळीआडून अक्षता टाकत होता. तांदूळ जाळीला आपटून आतच पडत होते. मी पाहिलं आणि मान फिरवली. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी त्याला दम लागला. दवाखान्याच्या दारात, रिक्षातच गेला. तपासणी झालीच नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण पडलं, श्वसनक्रिया बंद.

पुढं कोरोनानं गेलेल्यांच्या घरी पन्नास हजार द्यायचं ठरलं. आपत्तीसाठी केंद्राकडून राज्याला जो निधी येतो, त्यातून. आमच्या कचेरीत त्या अर्जांची छाननी माझ्याच टेबलावर होती. एक दिवस त्याच्या बायकोचा अर्ज आला. रिपोर्ट जोडलेला नव्हता. असे अडलेले अर्ज समितीपुढं जात.

समितीवरच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "भाऊसाहेब, हा तुमच्याच गल्लीतला की. आधी कुठल्या डॉक्टरला दाखवलेलं काय? साधी चिठ्ठी असली तरी मला काहीतरी मांडता येईल."

मोबाइल माझ्या शर्टाच्या खिशात होता. चिठ्ठी दाखवायची तर तिच्याखालचं माझं उत्तरही दिसणार. "कल्पना नाही, साहेब," मी म्हणालो. 'पुराव्याअभावी अपात्र', हा शेरा माझ्याच अक्षरात आहे. सरकारचा पैसा नियमानं खर्च झाला पाहिजे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. म्हणूनच सोपं गेलं.

त्याची बायको, आमच्या वहिनी, आता मिरची कांडायच्या डंकावर कामाला जातात. त्यांची सासू दिवसभर उंबऱ्यात बसून असते. वहिनी घरी आल्या की रोज भिंतीपलीकडून ऐकू येतं, "माझ्या लेकाला डाक्टर दावला न्हाईस तू. चार दिवस घरात ठेवून मारलास." वहिनी कधी उलट बोलत नाहीत. मी टीव्हीचा आवाज वाढवतो.

गेल्या महिन्यात मीच मिरच्या घेऊन डंकावर गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. वहिनी तोंडाला पदर बांधून चटणी चाळत होत्या.

"एवढ्याच मिरच्या, दादा? डंकाच्या मालकाचं डिझेल तरी निघंल काय?"

मी मोबाइल पुढं केला. फोटो, त्याचा प्रश्न, माझं उत्तर. मग समितीचंही सांगितलं. डंक चालू होता, म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं.

त्यांनी हात पुसले, मोबाइल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ वाचत होत्या. एवढा मजकूर नव्हता त्यात.

"म्हंजे डाक्टरकडं गेलते."

"व्हय."

"मी म्हणत हुते, गोळ्या मीच मेडिकलवाल्याला इचारून आणाय पायजे हुत्या. चुकीच्या खाल्ल्या म्हणून गेलं." त्यांनी मोबाइल मुठीत धरला. "पैशाचं ऱ्हाऊ द्या. ते तवा लागत हुतं. तवा पोराची शाळा सुटली." मला खाली बघावं लागलं. "आता चला."

"कुठं?"

"घरी. म्हातारीसमोर सांगा, जसं मला सांगितलं तसं."

"आत्ता?"

"रोज ऐकताय न्हवं भिताडापल्याड? मग आत्ताच."

त्यांनी पदर सोडून झटकला, मालकाला हाक मारून सांगितलं आणि पुढं चालू लागल्या. माझा मोबाइल त्यांच्याच हातात होता. मिरच्यांची पिशवी तिथंच राहिली.