तळ्यातले मासे आणि शकूरभाईचा वजनकाटा

शकूरभाईची उभी हयात मलकापुरात, कापसाच्या व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर गेली. कापसावर पाणी कोण मारतो, गाठोड्यात दगड कोण घालतो, हे बघता बघता त्याची नजरच तशी झाली. बायकोने आणलेली मिठाची पुडीसुद्धा तो हातावर तोलून बघायचा. असा माणूस मोताळ्याजवळच्या आपल्या गावी परतला आणि बालमित्र किसनरावसोबत भागीत मासे पाळायला लागला. आता बोला!

तळं आणि विहीर शकूरची, राबणं किसनरावचं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात रोहू-कटला सोडले. पहिल्या साली विकतचं खाद्य घातलं, त्यात मासळीची भुकटी असायची. मग ठरलं की घरचं सोयाबीन दळून, कोंडा आणि सरकीची ढेप मिसळून तेच घालायचं. शकूर सोयाबीन तोलून द्यायचा आणि किसनरावची बायको सिंधूताई ते भाजून, दळून आणायची. पीठ आलं की शकूर पुन्हा तोलायचा. दर खेपेला कमी भरायचं.

"दळताना सांडत असन," त्याची बायको शबाना म्हणाली.

"दर टायमाले?" शकूर म्हणाला.

तोंडावर विचारायची छाती नव्हती. मग गोड बोलून सांगितलं, "वहिनीले कायले तरास? मीच दळून आणतो आता." आणि भाजण्याचं झंझट नको म्हणून कच्चंच सोयाबीन गिरणीत टाकलं. भाजल्याने कस जातो, असं त्याने स्वतःलाच पटवून टाकलं.

उन्हाळा लागला. किसनराव भर दुपारी मोटर लावून तळ्यात विहिरीचं गार पाणी सोडायचा. शकूरच्या डोळ्यात सलायचा तो मात्र शेजारचा किसनरावचा भुईमूग. ऐन वैशाखात एवढा हिरवा कसा? आपल्याच विहिरीचं पाणी तिकडे जात असणार! एक दिवस त्याने मोटरच्या खोलीची चाबी मागून घेतली.

"मासे उकडतीन बे," किसनराव एवढंच म्हणाला आणि चाबी देऊन टाकली.

तेव्हापासून दुपारची मोटर बंद झाली. मासे काही वाढेनात. सकाळी वर येऊन तोंडं उघडायचे. उपाशी आहेत असं समजून शकूर आणखी पीठ टाकायचा. मग त्याच्या डोक्यात आलं की मोठे मासे कोणीतरी काढून विकतो. कोणीतरी म्हणजे कोण, हे काही सांगायला नको. दुपारी तो पळसाच्या आड दबा धरून बसला. किसनराव आला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, मान हलवली आणि रिकाम्या हाताने निघून गेला. मला पाहिलं म्हणूनच गेला, असं शकूरने ठरवलं.

शेवटी त्याने जाळं टाकायला रंगराव भोयाला बोलावलं. जाळं वर आलं तेव्हा मासे सगळे होते, पण तळहाताएवढे.

"पाणी त न्हाणीतल्या पाण्यावानी तापलं," रंगराव म्हणाला. "अशा पाण्यात मासा धापतो, अन् खाल्लेलं अंगी लागत नाही. खायले काय देता?"

"सोयाबीन."

"भाजून?"

शकूरने जाळ्यातला एक मासा उचलून हातावर तोलला.

"कच्चं पचत नाही त्याले, भाऊ."

घरी येऊन शकूरने सोयाबीन तोललं, स्वतः कढईत भाजलं आणि पुन्हा तोललं. कमी भरलं. आणखी एक घाणा भाजला, तोही कमी भरला. चुलीपाशी तर तो एकटाच होता, चोरणार कोण? शबाना दारात उभी राहून बघत होती. त्याला तिच्याकडे बघवेना. ज्या मित्रासोबत लहानपणी एका ताटात जेवलो, त्याला आपण चोर ठरवलं, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच उठून तो किसनरावच्या घरी गेला. सिंधूताईने पाणी दिलं. त्याने चाबी खाटेवर ठेवली.

"किसन, भाजलं की घटते ते. ओल उडून जाते."

"मले माहीत होतं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तू इचारलं काऊन नाही?" किसनराव चाबीकडे बघत म्हणाला. "आता तुले कसं समजलं?"

"घरी भाजलं. तोलून पाह्यलं."

किसनरावने चाबी उचलली आणि शकूरच्या हातात परत दिली.

"म्हणजे आजही तोलूनच आला," तो म्हणाला. "न तोलता आला असता, त ठेवून घेतली असती."