सासूबाई हलत का नाहीत?

माझ्या सासूबाईंचा उभा जन्म शिवणकामात गेला. काजं करावीत तर त्यांनीच. मान खाली, कोपरं पोटाशी, आणि हलतात ती फक्त दोन बोटं. सासरे गेल्यापासून त्या दोन खोल्यांत एकट्या राहतात आणि घर सोडायचं नावही काढत नाहीत. बायकोचा जीव टांगणीला. शेवटी मायलेकींत तह झाला: घरात आपोआप चालणारं सगळं बसवून घ्यायचं, मग खुशाल एकटं राहावं.

मी हौसेने कामाला लागलो. "आई, वीज वाचेल, चोराचिलटाची भीती नाही, उठून बटणसुद्धा दाबायला नको."

"जावईबापू, चोर काय माझी कात्री नेणार? आणि बटणापर्यंत जाते तेवढंच माझं चालणं."

तरी बसवलं. खोलीत कोणी हललं की दिवा लागायचा. बराच वेळ काहीच हललं नाही की विझायचा, आणि बायकोच्या मोबाइलवर धोक्याची घंटा वाजायची. इतकं स्तब्ध बसून कोणी काम करतं, हे त्या यंत्राला कुठून कळणार? मलाही सुचलं नाही.

बिल खरंच कमी आलं. पण एका संध्याकाळी घंटा वाजली. बायकोने घाबरून फोन लावला, तर आई अंधारात बसलेल्या. "अगं, काजं करत होते!" दोघी हसल्या, मग कितीतरी वेळ बोलत बसल्या.

पुढे मात्र घंटा दर संध्याकाळी वाजायला लागली. हातातलं काम टाकून फोन लावायचा, आणि आई पलीकडून ठणठणीत. बायको अगदी मेटाकुटीला आली. "पुरे झालं. रविवारी जाऊन आईला इकडेच आणू. ते घर बंद."

रविवारी आमच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आत अंधार. आम्ही पाऊल टाकताच दिवा लागला. आई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर शर्ट, हातात सुई. शर्टाची काजं कधीच पुरी झालेली, आणि सुईत दोराच नव्हता.

"आई, हे काय?"

आई ओशाळल्या. "आधी रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा. हे बसवल्यापासून मी ठीक आहे ते तुला मोबाइलवरच दिसतं. मग कशाला विचारशील? नुसती बसून राहिले की येतो बघ फोन."

"अगं, मग तू लावायचा ना!"

"तू कामात असशील म्हणून गं..." मग हळूच म्हणाल्या, "तेवढ्यासाठी माझं घर नको सोडायला लावूस."

बायको त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला सांगू! सामान भरायला आणलेली बॅग आम्ही रिकामीच परत नेली.

हे सगळं परवडतं का, असं ओळखीतले विचारतात. वीज वाचते, एवढं मी सांगतो. यंत्र अजून तिथेच आहे. फोन मात्र बायको रोज संध्याकाळी आपणहून लावते. तेवढा वेळ आई शिवण बाजूला ठेवतात, आणि बोलताना इतके हातवारे करतात की दिवा एकदाही विझत नाही.