हजेरीत नसलेलं घुमट

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनात एकच येतं — आधी वायरिंग तपासा. भूतबीत मी मानत नाही. माझा धंदाच असा आहे की कुठला आवाज कुठून आला हे मला दाखवून द्यावं लागतं.

मी कॉम्प्युटरवर संगीत रचते. श्रोत्यांच्या भोवती सोळा स्पीकर लावायचे आणि आवाज त्यांच्या चहूबाजूंनी फिरवायचा, हे काम पंचवीस वर्षं करतेय. आधी परदेशात, आता म्हापशात. घरच्यांना ते अजून कळलेलं नाही. वहिनी पाहुण्यांना सांगते, "मोरजीच्या दर्यार पार्ट्येंनी वाजयतात, तसलां कायतरी करता ती." मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.

गेल्या वर्षीच्या चतुर्थीला नव्या रचनेसाठी आमच्या पेडण्याच्या घरची घुमट आरती — तोंडावर कातडं ताणलेल्या मातीच्या मडक्यांच्या, म्हणजे घुमटांच्या, तालावर होते ती — रेकॉर्ड करायला गेले. घर नवीन, स्लॅबचं, खाली टाइल्स. भर दुपार. वाजवणारे पाच — माझा चुलतभाऊ, म्हणजे याच वहिनीचा नवरा विशूदादा, त्याचे दोन मुलगे, दोन शेजारी. पाचही घुमटांच्या मातीच्या तोंडांवर बकऱ्याचं कातडं, कारण घोरपडीच्या कातड्यावर बंदी आहे. आमच्या आजोबांचं घुमट घोरपडीचं होतं. त्याचा आवाज खोल, थाप संपल्यावरही पोटात राहणारा. लहानपणी मी त्यांच्या मांडीशी बसून ताल मोजायचे. हात लावायची परवानगी नव्हती. मुलींनी घुमट धरायचं नाही असा घरचा नियम. बंदीनंतर ते घुमट घरातून नाहीसं झालं. कुठे गेलं, कोणी बोललं नाही. दादाने ते किनाऱ्यावरच्या एखाद्या दुकानात विकलं असणार, असा माझा संशय होता. पक्का.

माझी एक पद्धत आहे. मधोमध माइक — टेनिस बॉलएवढा गोळा, त्यात सगळ्या दिशांना तोंड केलेले बत्तीस बारीक माइक. भोवती प्रत्येक वाजवणाऱ्याची जागा जमिनीवर खडूने आखायची. मग हजेरी — मी नाव घ्यायचं, त्याने एकच थाप मारायची. म्हणजे पुढे कॉम्प्युटरवर कोण कुठे बसलाय ते डिग्रीपर्यंत कळतं. त्या दिवशी पाच नावं, पाच थापा. मी स्वतः भिंतीला टेकून लॅपटॉप घेऊन बसले. आरती झाली, सामान भरलं, निघाले.

म्हापशाला स्पीकरवर लावलं आणि पहिल्याच मिनिटाला थांबवलं. घुमटं सहा होती.

सहावं घोरपडीचं. तो आवाज ओळखायला मी चुकणार नाही. हजेरीत नव्हतं, आरतीत होतं... आणि बाकीच्या पाचांच्या जरा आधी पडत होतं, म्हणजे ते पाच जण त्याच्यामागून चालले होते. दिशा काढली — मी टेकले होते ती भिंत. भिंतीपलीकडे दादाची खोली.

झालं! दादाने घुमट विकलं नव्हतं, लपवलं होतं, आणि आत कोणालातरी बसवून वाजवून घेतलं होतं. मला चिडवायला म्हणा, नाहीतर माझ्या कामात घुसवायला म्हणा. दुसऱ्या दिवशी सरळ पेडणे गाठलं.

"दादा, आजोबांचं घुमट काढ."

तो नारळ सोलत होता. "खंयचां घुमट?"

"तुझ्या खोलीतलं. मी ऐकलंय. आणि आधी मला वाटायचं तू विकलंस."

त्याने नारळ खाली ठेवला. "इतकी वर्सां तू माका चोर समजत रवलंस?" एवढंच बोलला आणि मला विहिरीकडे घेऊन गेला. अबोलीच्या आळ्याभोवती खापऱ्या रोवलेल्या होत्या. एकीवर आजोबांनी काढलेली काळी रेघ. "बंदी इली तेव्हा भियान मीच फोडलंय. कातडां जाळलंय. कोणाक सांगूक तोंड नाय होतां. आता बघलंस मगे? तुझो माइक माझ्या घरात परत नाका."

मी माफी मागितली. तो वळून आत गेला.

घरी येऊन पुन्हा तपासलं, या वेळी संशय स्वतःवर ठेवून. भिंतीपलीकडून आलेला आवाज दबका येतो. हा स्वच्छ होता. म्हणजे भिंतीच्या अलीकडचा. अलीकडे, त्या दिशेला, फक्त मी होते. वहिनीला फोनवर हे सगळं सांगितलं आणि तिने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मागवला — माझे दोन्ही हात लॅपटॉपवर. माइक बनवणाऱ्यांना फाइल पाठवली. उपकरणात दोष नाही, असं उत्तर आलं. ज्या आवाजाचा हिशेब मला देता येत नाही तो मी रचनेत घालत नाही. रचना बंद केली. आणि दादा वर्षभर बोलला नाही, ते त्याहून वाईट.

या चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याचाच फोन. "माइक घेवन ये."

गेले. त्याने खडू माझ्या हातातून घेतला, पाच जागा आखल्या, मग भिंतीपाशी सहावी. आणि बकऱ्याच्या कातड्याचं एक घुमट माझ्यापुढे धरलं.

"दादा, नियम —"

"त्या जाग्यार कोणतरी वाजयता म्हणतंस न्हय? मग तूच बस. निदान तोंड तरी दिसात."

"ताल चुकलां तर हसाचां नाय हां," वहिनी आतून ओरडली, आणि आधी स्वतःच हसली.

हजेरीत दादाने माझं नाव घेतलं. मी थाप मारली. सहा नावं, सहा थापा.

वाजवलं मी वाईटच. दोनदा ताल सुटला आणि हात थांबले. दुसऱ्या वेळी दादाने डोळे वटारले, ते नीट आठवतं. पण निघताना त्याने स्वतः माझी बॅग गाडीत ठेवली.

म्हापशाला येऊन ऐकलं. घुमटं सहा, माणसं सहा. माझ्या जागेवरून माझ्याच बेढब थापा, बकऱ्याच्या कातड्याच्या. हिशेब जुळला म्हणून मी चहा ठेवायला उठले, पण रेकॉर्डिंग चालूच होतं.

जिथे माझे हात थांबले होते, त्या दोन्ही ठिकाणी माझ्या जागेवरचा ताल थांबत नाही. घोरपडीच्या त्या खोल आवाजात पुढे जातो, आणि मी परत सुरू केलं की गप्प होतो.

वायरिंग तपासलंय. कोणाला काही सुचत असेल तर सांगा.